साठ किलो तांदूळ

माझे थोरले दीर सांबशिवराव अठ्ठावन्नाव्या वर्षी जिमला जायला लागले, तेव्हा मी तोंडाला पदर लावून हसले होते. साठी बुद्धी नाठी म्हणतात, यांची दोन वर्षं आधीच नाठली, असं नवऱ्याला म्हणालेही. हसण्यासारखंच होतं ते. सरकारी कचेरीत सगळं आयुष्य खुर्चीवर बसून काढलेला माणूस. बाजारातून दोन नारळ आणायचे तर दोन हातांत दोन पिशव्या घेणारा. तो म्हणे आता लोखंड उचलणार.

मी सोलापूरची. लग्न करून तंजावूरला आले त्याला वीस वर्षं झाली. इथली आमची माणसं मराठी राजांच्या मागून आलेली, घरात अजून मराठी बोलतात, पण देवनागरी वाचता येणारं सासरच्या घरात कोणी नाही. तेव्हा मी हे लिहितेय ते घरातलं कोणी वाचणार नाही. त्यामुळे मला हवं तसं लिहिता येतंय.

भावजींना जिमपर्यंत नेलं ते त्यांच्या घराच्या जिन्याने. ते आणि सरोजावैनी मेडिकल कॉलेज रोडच्या बाजूला एका वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे, आम्ही जवळच. लिफ्ट नाही, जिना अरुंद, मधल्या वळणावर दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटायचं. मूलबाळ नाही. दोघांचं छान चाललं होतं. मग एका आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढात, वैनींना झटका आला आणि उजवं अंग गेलं. बोलणं हळूहळू परत आलं, पाय काही आला नाही. घरी सोडताना डॉक्टरांनी कागदावर वजन साठ किलो लिहिलं होतं आणि म्हणाले होते, साखर आहे, वजन थोडं उतरू द्या. हे वाक्य आम्ही सगळ्यांनी फार नीट ऐकलं.

व्यायामासाठी वैनींना आठवड्यातून दोनदा खाली न्यावं लागे. घरी येऊन व्यायाम करवणारा माणूस मिळाला होता, पण तो पुरुष, म्हणून वैनींनी नको म्हटलं. बाहेरच्या केंद्रात बाई होती. तिथवर न्यायला रिक्षावाला मणी आणि वसाहतीचा वॉचमन वैनींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणायचे. दोघेही सज्जन. मणी तर वर येण्याआधी नळावर हात धुवायचा. पण वैनी म्हणजे बांगड्यासुद्धा दुकानदाराकडून न भरता शेजारच्या मामीकडून भरून घेणारी बाई. खाली जाईपर्यंत डोळे मिटून घ्यायची. परत आली की आधी मला म्हणायची, "न्हाऊ घाल." भर संध्याकाळी मी तिला न्हाऊ घालायचे आणि पाण्याबरोबर तिचे डोळेही वाहायचे.

एक दिवस ती भावजींना म्हणाली, "परक्यानं उचललेलं मज नको. त्यापेक्षा मज वरतींच मरूं द्या."

तळमजल्याचं घर शोधून झालं. मिळायची त्यांच्या दारातच उंच पायऱ्या, नाहीतर संडास अंगणापलीकडे. मग भावजींनी मणीला सांगितलं, तू खाली थांब, मीच आणतो. त्यांनी तिला दोन्ही हातांवर घेतलं, एक मजला कसाबसा उतरले आणि वळणावर त्यांचे गुडघे गेले. पडले नाहीत, बसले. बायकोला मांडीवर घेऊन, भिंतीला पाठ लावून, भात्यासारखे श्वास टाकत बसले होते. मी मागून पिशवी घेऊन उतरत होते. मणी धावत वर आला आणि त्याने वैनींना उचललं. भावजी कितीतरी वेळ तिथंच बसून राहिले. मला म्हणाले, "अग, माझ्या बायकोस मज उचलतां येईना."

दुसऱ्या दिवशी ते जुन्या बस स्टँडजवळच्या वेंकटेशच्या जिममध्ये गेले.

वेंकटेश तिशीचा पोरगा, खाली टायरचं दुकान आणि वर त्याची जिम. बाकीची मुलं तिथं रोज दोन-दोन तास घाम गाळतात. भावजींना रोजचे दोन तास कुठले? वैनींजवळ मी रविवारी सकाळी बसायची, तेवढीच त्यांची सुटी. वेंकटेशने त्यांना सांगितलं ते त्यांनी घरी येऊन आम्हांला मंत्रासारखं ऐकवलं. आठवड्यातून एकदाच यायचं. पाच व्यायाम, प्रत्येकाचा एकच सेट. पण तो एक सेट असा, की शेवटी वजन तसूभरही हलता कामा नये. सावकाश वर, सावकाश खाली, झटका नाही. मग सहा दिवस काही करायचं नाही. खायचं आणि झोपायचं. ताकद जिममध्ये येत नाही, अंथरुणात येते. मी म्हटलं, असा व्यायाम मलाही चालेल, सहा दिवसांचा भाग तरी.

एका रविवारी नवऱ्याला, श्रीकरला, वैनींजवळ बसवून मी मुद्दाम बघायला गेले. भावजी एका कलत्या खुर्चीत पडून पायांनी लोखंडी फळी ढकलत होते. घाई नाही, आवाज नाही. आधी वाटलं, हे तर काहीच नाही. मग त्यांच्या मांड्या थरथरायला लागल्या. मग हनुवटी. चेहरा असा झाला की ओळखीचा राहिला नाही. वेंकटेश कानाशी वाकून तमिळमध्ये म्हणत होता, "आणखी एक, सार. आणखी एकच." फळी अर्ध्यावर अडली. तरी ते ढकलत राहिले. बाकीची मुलं आपले व्यायाम थांबवून बघत होती. शेवटी वेंकटेशने फळी धरली आणि भावजी घसरत जमिनीवर येऊन पडले. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. रामराम म्हणत असावेत. त्या दिवसापासून मी हसणं सोडलं.

आता वैनींचं सांगते.

आमच्या सोलापूरकडे उपास म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी. साबुदाणा, वरी, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याच्या फोडी, वर केळ्याचं शिकरण. इथला उपास खरा असतो. एक वेळ खायचं, नाहीतर दुधावर राहायचं. आणि इथल्या आमच्या माणसांना उपास दुहेरी. पूर्वजांनी मराठी मुलुखातून आणले ते एकादशी, संकष्टी आणि शनिवार. इथं येऊन धरले ते कृत्तिका, षष्ठी आणि प्रदोष. शिवाय सोमवार आणि शुक्रवार आहेतच. सगळे धरायचे म्हटले तर जेवायला दिवस शोधावा लागेल. कोणी सगळे धरत नाही. वैनींनी एकेक करत सगळे धरले.

कोणाला काही वाटलं नाही. नवरा जिवाचं रान करतोय, बाई अंथरुणावर पडून दुसरं काय करणार? व्रत करणार. शेजारच्या मामी तर मला म्हणाल्या, पुण्यवान बाई गं. वैनींची साखर उतरली, डॉक्टर खूश झाले. मी एकदा भडकले. म्हटलं, वैनी, काल कृत्तिका होती, आज संकष्टी, उद्या कोण? त्यांनी डावा हात वर केला, त्यांचा तेवढाच हात चालायचा.

"काम्हण ओरडतीस?" म्हणाल्या, म्हणजे कशाला ओरडतेस. "देवाच्या कामांत बोलूं नये."

इथं या वाक्यापुढे कोणाचंच चालत नाही. मी सोलापूरची असले तरी माझंही चाललं नाही. मोड आलेले मूग, दही, भाजलेले शेंगदाणे असं भावजींसाठी मी वेगळं करून ठेवायची, कारण वेंकटेशने खा म्हणून सांगितलं होतं. वैनी आपल्या ताटातलंही डाव्या हाताने त्यांच्या ताटात ढकलायच्या. "तुम्हांस शक्ति होणें," म्हणायच्या. म्हणजे तुम्हांला शक्ती हवी. भावजी मुकाट्याने खायचे. व्रतवालीचा प्रसाद म्हणायचे त्याला.

आणि शक्ती आली की हो! सदऱ्याच्या बाह्या दंडाला घट्ट झाल्या. पाठ सरळ झाली. कार्तिक उलटला, पोंगल झाला, आणि एका सकाळी त्यांनी वैनींना उचललं आणि दोन्ही मजले न थांबता खाली आणलं. वैनींचा डावा हात त्यांच्या गळ्यात. डोळे उघडे. मणी खाली रिक्षाशी उभा होता, तो नुसता बघतच राहिला. वळणावरच्या दारांतून शेजारणी डोकावल्या. वैनींना लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं. लग्नातल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा. भावजी मला म्हणाले, "पाहिलीस? तिचं व्रत अन् माझा व्यायाम." मला रडू आलं. खरंच वाटलं की देव आहे.

त्यानंतर दर खेपेला ते तिला असेच नेऊ लागले, आणि दर खेपेला ती त्यांना हलकी लागू लागली. मणीकडून फक्त रिक्षा. वैनींचं अवेळी न्हाणं बंद झालं.

एकच गोष्ट जमत नव्हती. भावजींनी सुरुवातीलाच गुरुमूर्तींच्या तांदळाच्या मंडीतून एक गोणी भरून आणली होती, बरोबर साठ किलोची, वैनींच्या वजनाएवढी. ती बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात उभी असायची. किडे होऊ नयेत म्हणून वैनी मला तिच्यात सुक्या मिरच्या टाकायला सांगायच्या. महिन्यातून एकदा भावजी ती गोणी उचलून जिना उतरून बघायचे, परीक्षा म्हणून. ही परीक्षा ते कधीच पास झाले नाहीत. वळणापर्यंत गेले की गोणी खाली टेकायची. आधी टेकायची तिथंच, वैनींना लीलया नेऊ लागले तेव्हाही टेकायची.

वेंकटेशने याचं कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, "पोतं मुडदा. माणूस जिवंत असतं, तें आपणहून अंग उचलतं." वेंकटेशला पटलं. आम्हांलाही पटलं. बायको नवऱ्याच्या हातात हलकी होते, यात न पटण्यासारखं काय होतं?

दुसऱ्या वर्षी आडी पुन्हा आला. केंद्रातून परत येताना रिक्षा गुरुमूर्तींच्या मंडीपाशी थांबली, मला इडलीचा तांदूळ घ्यायचा होता. मंडीच्या दारात पोती तोलायचा जमिनीलगतचा मोठा काटा आहे. गुरुमूर्ती गल्ल्यावरून म्हणाले, "काय राव, ऐकतोय की तुम्ही पैलवान झालात." भावजींच्या अंगात त्या दिवशी काय संचारलं होतं कोण जाणे. हसत उतरले, वैनींना उचललं आणि म्हणाले, बघाच आता, किती वजन पेलतो ते.

"नको," वैनी म्हणाल्या. "उतरवा मज. लोक पाहतात."

"पाहूं दे की."

"नको म्हणतें ना."

त्यांनी गळ्यातला हात काढून भावजींच्या छातीवर मारला. मला वाटलं लाजतायत. भावजींनाही तसंच वाटलं. ते तिला घेऊन ऐटीत काट्यावर उभे राहिले आणि गुरुमूर्तींनी मोठ्याने आकडा वाचला. "एकशे दोन."

भावजींचं स्वतःचं वजन चौसष्ट. दर रविवारी वेंकटेश करायचा, त्यांना पाठ होतं. ते काट्यावर तसेच उभे राहिले. हिशोब पोरालाही येण्यासारखा होता, पण त्यांना वेळ लागला. मी हिशोब केला आणि वैनींकडे बघितलं, वर्षभरात पहिल्यांदा नीट बघितलं. साडीच्या निऱ्या कमरेशी किती जाड बसत होत्या. बांगड्या कोपरापर्यंत चढल्या होत्या. मी तिला न्हाऊ घालायचं बंद झाल्यापासून शेजारच्या मामी नुसतं अंग पुसून देत होत्या, त्यांना वाटायचं आजार आहे, अंग झडणारच.

गुरुमूर्तींना वाटलं काट्यात चूक झाली. त्यांनी एक पोतं ठेवून बघितलं. काटा बरोबर होता.

इडलीचा तांदूळ न घेताच आम्ही घरी आलो. भावजींनी तिला वर नेलं, गादीवर ठेवलं आणि समोर जमिनीवर बसले. म्हणाले, "कधींपासून?"

"काय?"

"सरोजा, कधींपासून जेवत नाहींस?"

वैनींनी लपवलं नाही. त्यांचं बोलणं जड होतं, एकेक शब्द ओढून आणायच्या. "तुम्ही वळणावर बसलांत. मी मांडीवर होतें. तुमचा श्वास ऐकला. वाटलं, आतां प्राण जातो तुमचा. त्याच दिवशीं ठरवलं."

"तुझे उपास?"

"देवाचं नांव घेतलं कीं कोणी विचारत नाहीं."

भावजींनी आपले दोन्ही हात पुढे धरले आणि बघत बसले. तेच दंड, तेच वर आलेले स्नायू. मला त्या हातांचा राग आला. वैनींचाही आला. हिला काय अधिकार होता? आणि सगळ्यात जास्त आला तो आमच्या त्या दुहेरी पंचांगाचा, ज्यात एक बाई दिवसाढवळ्या उपाशी मरू शकते आणि लोक तिला पुण्यवान म्हणतात.

"मज कळलं असतं तर मणीस बोलावलं असतं," भावजी म्हणाले.

"म्हणूनच नाहीं सांगितलं," वैनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भावजींनी कोपऱ्यातली गोणी उसवली. त्यातल्याच तांदळाची कांजी, म्हणजे आपली पेज, करायची, असं त्यांनी ठरवलं. का ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. वर्षभर मुरलेला जुना तांदूळ, पचायला हलका, असं काहीतरी ते पुटपुटले. सकाळी कांजी, दुपारी मऊ भात आणि दही, संध्याकाळी परत कांजी. स्वतः चमच्याने भरवायचे. आता वैनी नाही म्हणत नव्हत्या. तोंड उघडायच्या, घास घ्यायच्या, गिळायच्या. पण पोटाने जेवण सोडून दिलं होतं. चार चमचे गेले की पाचव्याला सगळं बाहेर. डॉक्टरांनी सलाईन लावलं, नळी घातली, आम्हांला शिव्या दिल्या. त्यांनी दिल्या तेवढ्या थोड्या. मीही त्यांना एक दिली, वजन उतरू द्या म्हणणारे तुम्हीच, म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं. हृदय अशक्त झालंय म्हणाले.

भावजींनी जिम सोडली. वेंकटेश घरी चौकशीला आला, दारात चपला काढून उभा राहिला. भावजी त्याला म्हणाले, "तुझी काही चूक नाही. तू खा आणि झोप म्हणालास. मी खाल्लं आणि झोपलो." जाताना बिचारा मला विचारून गेला, सार असं का म्हणाले? मी सांगितलं नाही.

गोणी कमी होत गेली. वैनींना चमचाभर जायची, उरलेली कांजी भावजी प्यायचे, मी, श्रीकर, मणीसुद्धा प्यायचा. टाकवत नव्हती. वैनी काही भरल्या नाहीत.

मारगळीत, म्हणजे धनुर्मासात, त्यांच्या छातीत कफ झाला. एका सकाळी, वसाहतीत दारोदारी रांगोळ्या पडत असताना, त्या गेल्या. भावजींचा हात त्यांच्या हातात होता. जायच्या आधी म्हणाल्या, "खालीं तुम्हींच न्या."

जिना अरुंद, वळणावर तिरडी वळली नसती. शास्त्री म्हणाले, चौघं मिळून हातांवर धरून आणा, तिरडी खालीच बांधू. मणी हात धुऊन वर आला होता, वॉचमन आला होता, वेंकटेश आला होता. भावजींनी कोणाला हात लावू दिला नाही. त्यांनी तिला उचललं आणि निघाले. सगळे जिन्यावर भिंतीला चिकटून उभे राहिले. ते वळणावरही थांबले नाहीत. त्यांचा श्वाससुद्धा वाढला नव्हता. मी पाठोपाठ उतरत होते, मला ऐकू आला असता.

इथं एक रीत आहे. माणसाला नेण्याआधी त्याच्या तोंडात घरच्यांनी कोरडे तांदूळ घालायचे, या घरचा शेवटचा घास म्हणून. शास्त्रींनी तांदूळ मागितले तेव्हा भावजी म्हणाले, मी आणतो. ते वर गेले. कोपऱ्यातल्या गोणीत तळाशी थोडेसे उरले होते. ते एका वाटीत काढून, त्यातल्या मिरच्या निवडून, खाली घेऊन आले.

"चिमूटभर पुरे," शास्त्री म्हणाले.

भावजींनी चिमूटभर तांदूळ वैनींच्या ओठांवर घातले. थोडे आत गेले, थोडे गालावरून ओघळले. त्यांनी ओघळलेले एकेक वेचून परत घातले. मग वाटी तशीच धरून ते माझ्याकडे वळले आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "संगीता, अजून थोडे घातले तर चालेल?"